स्कोअरच्या टेबलामागची खुर्ची

आमच्या घरात कागद टाकून द्यायची पद्धत नव्हती. ब्रॅम्पटनच्या त्या घराच्या बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी, बाबांनी प्लास्टिकचे डबे एकावर एक रचले होते आणि त्यांत आमचं सगळं आयुष्य तारीखवार लावलेलं होतं. इमिग्रेशनची पत्रं, आमच्या लसींची कार्डं, शाळेतून आलेल्या चिठ्ठ्या, न मिळालेल्या नोकऱ्यांची उत्तरं, आणि प्रत्येक पत्राला टाचलेलं त्याचं पाकीट, कारण पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो. बाबा शेजारच्या वॉन गावातल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. दिवसभर पत्र्याचे सुटे भाग तपासून, फॉर्म भरून, खाली सही करून ते घरी यायचे आणि घरीही तेच करायचे. आमच्या कुठल्याही तक्रारीवर त्यांचं औषध एकच, लिहून ठेव. बस थांबली नाही? बसचा नंबर लिहून ठेव. बाईंनी मार्क कमी दिले? काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव. नागपूरला आमच्या आजोबांना लोकांनी तोंडी बरंच काही कबूल केलं होतं आणि नंतर कानावर हात ठेवले होते. त्या तपशिलात बाबा शिरत नसत, पण त्यातून ते काय शिकले हे आम्हाला रोज दिसायचं.

आई ह्याला हसायची, पण ती बाबांपेक्षा काही कमी नव्हती. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती आणि तिचा माणसांवर विश्वास नसून रक्ताच्या नमुन्यांवर होता. कुणी फार गोड बोललं की ती जेवताना म्हणायची, "पाणी कुठं तरी मुरून राहिलं." अशा घरात वाढलेल्या माझ्यासारख्या पोरीचा स्वभाव कसा झाला असेल हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या पंजाबी काकूंनी सरसों का साग पाठवलं तर ते मी आवडीनं खायची, पण खाता खाता त्यांनी ते का पाठवलं असेल ह्याचा विचार करायची. आजही करते. माझ्या नवऱ्यानं ह्या बाबतीत केव्हाच हात टेकलेत.

ह्या सगळ्यात वेगळी निघाली ती आमची ताई. प्रज्ञा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, उंच, खांद्यांनी रुंद, आणि भोळी म्हणावी इतकी सरळ. ड्राइव्हवेवर गॅरेजच्या वर बास्केटबॉलची रिंग आधीच्या घरमालकानं सोडून दिलेली होती आणि एप्रिलमध्ये बर्फ गेला की नोव्हेंबरपर्यंत ताईचा चेंडू तिथे वाजत असायचा. मी उंचीनं गेले होते आईवर, त्यामुळे मला खेळण्यात गती नव्हती, पण खेळाचं वेड मात्र मला ताईपेक्षा जास्त. आमच्या घरापासून दोन बसेसवर जे कॉलेज होतं त्याच्या मुलींच्या टीमची मी नववीपासून फॅन. कुणाचा फ्री थ्रो किती टक्के जातो, कुणाचा गुडघा दुखतो, कोच कुणाला चौथ्या क्वार्टरमध्ये बसवते, सगळं तोंडपाठ. ताई त्याच कॉलेजात शिकायला गेली तेव्हा तिच्यापेक्षा आनंद मला झाला. दुसऱ्या वर्षी तिनं टीमसाठी अप्लाय केलं. तिला कुणी बोलावलेलं नव्हतं, शिष्यवृत्ती नव्हती, ती आपली आपण जाऊन उभी राहिली. आणि सप्टेंबरअखेर तेरा मुली ठरल्या, एक जागा उरली, आणि त्या एका जागेसाठी दोघी राहिल्या. एक ताई आणि दुसरी टियाना नावाची मुलगी. कोचनं दोघींना सांगितलं की सीझनच्या आधीचा जो कार्यक्रम असतो त्यात दोघी खेळा, मग सोमवारी कळवते.

आता श्रीधरकाकांबद्दल सांगायला हवं. त्यांचं आडनाव मी लिहीत नाही. आडनावांनी आमचं पुरेसं नुकसान केलंय, त्यांचं कशाला करू. आमचं आडनाव गजभिये. ह्या देशात ते नुसतं लांबलचक होतं, त्यातून कुणाला काही कळत नसे, आणि बाबा म्हणायचे की इथं आल्याचा सगळ्यात मोठा फायदा तोच. पण मराठी माणसाला ते लगेच कळतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना आम्ही एका मराठी मंडळाच्या दिवाळीला जाणार होतो. तेव्हा सगळ्या घरांतून एकेक पदार्थ न्यायची पद्धत होती आणि आईनं मसालेभात करते म्हणून नाव दिलं होतं. श्रीधरकाकांच्या बायकोचा फोन आला. आवाज अगदी लाघवी. आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही नागपूरकडचे." आई म्हणाली हो. दोन दिवसांनी, ऐन कार्यक्रमाच्या सकाळी, मंडळाचे सेक्रेटरी म्हणून श्रीधरकाकांचा ईमेल आला की यंदा केटरिंग केलंय, घरून काही आणू नये. आईनं भात आदल्या रात्रीच अर्धा करून ठेवला होता, म्हणून ती डेकची तशीच गाडीत घालून आम्ही गेलो, न जाणो कमी पडलं तर. तिथे टेबलावर सगळ्यांच्या घरचे डबे मांडलेले होते, नावांच्या चिठ्ठ्यांसकट. आमची डेकची गाडीच्या डिकीतच राहिली. तो मसालेभात आम्ही चार दिवस खाल्ला आणि त्या चार दिवसांत आई-बाबा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर आम्ही फक्त आपल्या आंबेडकर मंडळाच्या कार्यक्रमांना जायचो. तो ईमेल छापून बेसमेंटमधल्या डब्यात गेला.

आणि हेच श्रीधरकाका त्या कॉलेजात कंप्युटर विभागात नोकरीला होते, आणि हौस म्हणून वर्षानुवर्षं मुलींच्या मॅचेसचे आकडे नोंदवायचे. स्कोअरच्या टेबलाशी, मधल्या खुर्चीवर, चष्मा कपाळावर चढवून बसलेला तो गोरा गोल चेहरा मी पहिल्याच मॅचला ओळखला होता. घरी बोलले नव्हते. उगाच बाबांनी माझं मॅचला जाणंच बंद केलं असतं. पण त्या आठवड्यात माझ्या पोटात काही राहीना आणि गुरुवारी जेवताना मी बोलून गेले की कुणाचे किती रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे किती चेंडू कुणी धरले, किती पास, हे सगळं तोच सेक्रेटरी लिहितो. बाबांचा घास हातात राहिला. ताई म्हणाली, "सो व्हॉट? ही इज जस्ट अ स्टॅट्स गाय." जेवण झाल्यावर बाबांनी मला खाली बेसमेंटमध्ये बोलावलं आणि कारखान्यातली एक नवी वही माझ्या हातात दिली, चौकटी आखलेली, प्रत्येक पानावर तारखेची जागा असलेली.

"तू त्याच्या मागंच बस," बाबा म्हणाले. "पाहून राहा. बोलू नको कोणाशी. ताईचं सगळं लिहून घे. उद्या तो काही उलटंसुलटं करंल तर आपल्यापाशी कागद पाहिजे."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं होतं. घरात मी धाकटी, माझ्यावर कुणी काही सोपवत नसे, आणि आता बाबांनी मला एकदम साक्षीदार केलं होतं. शनिवारी बाबांची शिफ्ट होती, आईची लॅब होती, आणि तसंही ताईनं दोघांना येऊ नका म्हणूनच सांगितलं होतं. ते असले की तिचे हात कापतात म्हणाली. मला मात्र ती म्हणाली होती, "तू ये. एकटीच ये. आपलं कुणी तरी बघायला असलं की बरं वाटतं."

शनिवारी दुपारी मी दोन बसेस बदलून गेले तेव्हा जिमच्या दारातच मला संशय आला. सीझनमध्ये दाराशी हातावर शिक्का मारायला एक कंटाळलेला मुलगा असायचा. त्या दिवशी तिथे फुगे. हिरवे आणि पांढरे, कॉलेजचे रंग. फुकट पिझ्झा. फुकट टी-शर्ट. खेळाडूंच्या सह्या घ्यायला पोस्टर. अस्वलाचा पोशाख घातलेलं कुणी तरी येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारत होतं. मी हात पुढे करून त्याला लांब ठेवलं, आत कोण आहे कुणास ठाऊक. जो तो सांगत होता की आज काही नाही, आज नुसती मजा, टीमचेच दोन भाग करून आपापसांत खेळणार, प्रीसीझन तर आहे. इतके लोक इतक्या वेळा एखादी गोष्ट महत्त्वाची नाही म्हणून सांगायला लागले की माझ्या कानात घंटा वाजते. कोच, जी एरवी टाइमआउटमध्ये फळ्यावर मार्कर आपटायची, ती दारात उभी राहून हसत होती. चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला, आणि प्रत्येकाला थँक यू फॉर कमिंग. मलाही म्हणाली. मी मनात म्हटलं, बाई, तू ठरवून बसली आहेस, हे सगळं नाटक आहे.

मी बाबांनी सांगितल्याप्रमाणे स्कोअरच्या टेबलाच्या बरोब्बर मागची, दुसऱ्या रांगेतली खुर्ची धरली. लाकडी फळ्यांवर नवं पॉलिश केलेलं होतं, त्याचा वास, त्यात पिझ्झ्याचा वास, आणि बुटांचा तो चीं चीं आवाज, जो मला आजही कुठल्याही गाण्यापेक्षा गोड लागतो. माझ्या शेजारी एक म्हातारं गोरं जोडपं होतं, दर मॅचला येणारं. बाई लोकरीची टोपी घालून बसायच्या आणि माझ्याशी हवामानावर बोलायच्या. मग दिवे गेले, संगीत सुरू झालं, आणि एकेका मुलीचं नाव पुकारून तिच्यावर झोत टाकायला लागले. तेरा नावं. तेरा झोत. ताईचं नाव नाही, टियानाचंही नाही. दिवे परत लागले तेव्हा त्या दोघी मागून धावत आल्या, जुन्या जर्सी, पाठीवर नाव नाही, आणि नंबर चक्क चिकटपट्टीनं लावलेला. ताईच्या सातवर चिकटपट्टीचं टोक सुटलेलं मला तिथून दिसत होतं. मी वहीत पहिली नोंद तीच केली. ताई हिरव्यांत, टियाना पांढऱ्यांत.

श्रीधरकाका माझ्यापासून चार हातांवर होते. डोक्याचा मागचा भाग, विरळ झालेले केस, आणि लॅपटॉपवर दोन बोटं. ते दहाही बोटांनी टाइप करत नसत. फक्त उजव्या हाताची पहिली दोन बोटं, टक् टक्. सुरुवातीला मी ताईकडे बघत होते. ती घाबरलेली होती. पहिला पास सरळ बाहेर, दुसरा पांढऱ्या जर्सीतल्या एका मुलीच्या हातात. पण सगळ्याच जणी चुकत होत्या, उन्हाळाभर सुस्तावलेल्या, दहा मिनिटांत धापा टाकणाऱ्या, आणि चुकल्या की हसणाऱ्या. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ताई सावरली. हुकलेल्या शॉटचा चेंडू घ्यायला उडी मारायची तेव्हा तिचे ते रुंद खांदे कामी यायचे. मी वहीत रेघा ओढत होते. एक, दोन, तीन, चार. मध्यंतरात कॉलेजची मुलं आकड्यांचे छापील कागद वाटत आली. मी बोट फिरवत खाली गेले. गजभिये, रिबाउंड दोन.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जिमबाहेर जाऊन बाबांना फोन केला. कारखान्यातल्या मशिनींच्या आवाजात ते म्हणाले की कागदाचा फोटो काढ, वहीचा काढ, आणि तिथं तोंड उघडू नको. मी हो म्हटलं, फोन ठेवला, आत आले आणि सरळ टेबलाशी जाऊन उभी राहिले. सतरा वर्षांच्या पोरीला एवढा दम कुठून धरवणार? श्रीधरकाका सामोशाचा डबा उघडत होते.

"गजभियेचे चार रिबाउंड झालेत," मी मराठीतच म्हटलं. "तुम्ही दोन लिहिलेत."

त्यांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग कागदावरच्या आडनावाकडे, मग परत माझ्याकडे. "अरे वा," ते म्हणाले. "तू बहीण का तिची? म्हणजे तुम्ही नागपूरकडचे."

तेच वाक्य. अगदी शब्दाला शब्द. त्यांना आमची आठवण होती की नव्हती हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि मी आयुष्यभर विचार करूनही मला ते कळलेलं नाही. मी म्हटलं, मी ब्रॅम्पटनची. ते हसले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, शिकवणीच्या मास्तरांसारखं, की दोनदा तुझ्या बहिणीचा नुसता हात लागला, चेंडू गेला दुसरीच्या हातात. तिनं ठरवून, बघून, आपल्या मुलीकडे टोलवला असता तर तो तिचा. नुसता लागला तर ज्याच्या हातात आला त्याचा.

"आणि ठरवून होता की नाही ते कोण ठरवतं?" मी विचारलं.

"मी," ते म्हणाले. आणि डबा माझ्यापुढे करून सामोसा घे म्हणाले.

मी घेतला नाही. माझं समाधान झालं नाही. मागे वळले तर कोच तिथेच उभी होती, हातात पाण्याची बाटली, आणि आमच्याकडे बघत होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण चढलेला आवाज कुठल्याही भाषेत कळतो. एका जागेचा प्रश्न होता, आणि त्या मुलीची बहीण टेबलावरच्या माणसाशी भांडतेय हे कोचनं पाहिलं होतं.

पुढचे दोन क्वार्टर मी कसे काढले ते सांगते. मी ठरवलं की आता ह्या माणसाला सोडायचं नाही. डोळ्यांत तेल घालून मी त्या दोन बोटांकडे बघत बसले. ताई चेंडूजवळ गेली असं डोळ्याच्या कोपऱ्यातून वाटलं, की लगेच माझी नजर बोटांवर. बोट हललं? कुठली कळ दाबली? किती वेळानं दाबली? वहीत मी घड्याळाची वेळ आणि पुढे एवढंच लिहीत गेले, हललं, हललं नाही, हललं, उशिरा हललं. अक्षर गिचमीड झालं होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जिम एकदम ओरडलं. मी बोटांकडे पाहिलं, ती झरझर चालली होती. थोड्या वेळानं पुन्हा ओरडलं, ह्या वेळी लोक उभे राहिले, माझ्या पुढच्या रांगेतले मला झाकून उभे राहिले, आणि मी वाकून, त्यांच्या कंबरांमधून, श्रीधरकाकांची बोटंच शोधत होते. लोकरीच्या टोपीवाल्या बाईंनी माझा दंड धरला. "दॅट्स युवर सिस्टर! डिड यू सी दॅट?" मी हो म्हटलं. त्या दिवसातली माझी पहिली थाप.

खेळ संपला तेव्हा स्कोअरबोर्डवर किती होते हेही मला नीट आठवत नाही. शेवटचा कागद आला. ताईच्या नावापुढे चांगले आकडे होते, टियानाच्या नावापुढेही जवळपास तसेच. कागदावरून काही ठरावं असा फरक नव्हता. श्रीधरकाका लॅपटॉप उचलून कोचकडे गेले आणि दोघं पडद्यावर बोट ठेवून बराच वेळ बोलले. मधे एकदा दोघांनी मान वळवून माझ्या दिशेनं पाहिलं. ते काय बोलले? माझ्याबद्दल सांगितलं? ताईबद्दल बरं बोलले, वाईट बोलले, की नुसता कुठला तरी आकडा तपासत होते?

ताई बाहेर आली ती अंघोळ करून, ओल्या केसांनी, तोंडभर हसत. तिला असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय. टियाना तिच्याबरोबर होती आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून होत्या, त्याचाही मला संशय आला. बसमध्ये ताई माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तो ब्लॉक पाहिलास? आय डोन्ट नो हाउ आय गॉट अप देअर." मी म्हटलं, पाहिला. मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि घरापर्यंत रस्त्यावरच्या दुकानांकडे बघत राहिली.

घरी आईनं पाटवडी रस्सा केला होता. ताईच्या आवडीचा, लाल तर्रीचा, ज्याच्या फोडणीनं वरच्या मजल्यापर्यंत खोकला यायचा. वाफेनं खिडक्या भरल्या होत्या. बाबा शिफ्टवरून येऊन, हातपाय धुऊन बसले आणि म्हणाले, आता सांग, पोरी. सगळं सांग. सगळेजण माझ्याकडे बघायला लागले. मी आधी सामोशाचं, दोन रिबाउंडांचं, नागपूरकडचे म्हणाले त्याचं सांगितलं. बाबांनी आईकडे पाहिलं, आईनं बाबांकडे, आणि दोघांच्या मानेत काही तरी ताठ झालं. मग आई म्हणाली की ते जाऊ दे, आमची पोरगी कशी खेळली ते सांग ना. तेव्हा मी रचायला सुरुवात केली. नववीपासून इतक्या मॅचेस पाहिल्या होत्या, ब्लॉक, म्हणजे समोरचीचा शॉट हवेतच अडवणं, कसा असतो ते मला माहीत होतं. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले आणि दाखवलं, ती पांढरी मुलगी अशी डावीकडून आली, ताई अशी मागून धावली, आणि उजव्या हातानं असा चेंडू उडवला. आईनं तोंडावर पदर घेतला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईच्या हातातला भाकरीचा तुकडा रश्श्यात तसाच थांबला होता. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग ताटात पाहिलं, आणि म्हणाली, "हो. तसंच झालं."

ताई डावखुरी आहे. उडी मारताना तिचा डावाच हात वर जातो, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

सोमवारी ताई लवकर घरी आली. बूट काढता काढता म्हणाली की नाही झालं, टियानाला घेतलं. कोच म्हणाली होती की फार जवळचं होतं, पुढच्या वर्षी नक्की ये. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ताई रडली नाही, ओट्याशी जाऊन पाणी प्यायली. बाबा आले, त्यांनी ऐकलं, आणि जेवायच्या आधीच टेबलावर लॅपटॉप उघडला. ते कॉलेजला पत्र लिहिणार होते. त्यांनी माझ्याकडे वही मागितली. पहिली काही पानं त्यांनी वाचली, मान डोलावली. मग दुसऱ्या भागाची पानं आली. हललं. हललं नाही. हललं. त्यांनी पान उलटलं, पुढचं उलटलं, परत मागे आले. चष्मा काढून पुसला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. मी सांगितलं की ही त्यांची बोटं.

"बरं. ते राहू दे," बाबा म्हणाले. "तू होती ना तिथं. मला फक्त एक सांग, आणि खरं सांग. ती दुसरी पोरगी आपल्या ताईपेक्षा चांगली खेळली का?"

त्या एका उत्तरावर सगळं होतं. अन्याय झाला की नाही झाला. पत्र जाणार की नाही जाणार. आणि त्याहूनही, ताई ओट्याला टेकून उभी होती, तिला आयुष्यभर काय वाटून घ्यायचं ते. हो म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की आपण हरलो, नाही म्हटलं असतं तर कळलं असतं की आपल्याला हरवलं. दोन्हींत काही तरी धरायला होतं. मी तोंड उघडलं, आणि ह्या वेळी मला रचता येईना.

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हणाले. "मी बघितलंच नाही. मी त्यांच्याकडे बघत होते."

आईनं शेगडी बारीक केली. मला वाटलं ताई ओरडेल, आणि तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं. ती ओरडली नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं अशा आवाजात तिनं विचारलं, "मग बघितलं कुणी?"

मी म्हटलं, श्रीधरकाकांनी. ते खरंच होतं. त्या जिममध्ये आपलं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं, आणि चुकूनमाकून एखादा सोडला तर तिचा एकही चेंडू त्यांच्या नजरेतून सुटला नसणार, कारण त्यांचं कामच ते होतं.

"मग त्यांना विचारा," ताई म्हणाली. "बाबा, प्लीज. त्यांना विचारा मी कशी खेळले."

ही गोष्ट मी मराठीत लिहितेय, कारण ताईची मुलं मराठी वाचत नाहीत आणि ताई स्वतः वाचायचा कंटाळा करते. वाचली तरी तिला ह्यात नवं काही नाही. श्रीधरकाका त्यानंतरही खूप वर्षं त्या टेबलाशी बसत होते. त्यांचा फोन नंबर त्या जुन्या ईमेलच्या खालीच छापलेला होता आणि तो कागद आमच्या पायाखाली, बेसमेंटमध्ये होता. त्यांनी खरं सांगितलं असतं की खोटं, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबा बराच वेळ लॅपटॉपकडे बघत बसले, ताई त्यांच्याकडे बघत उभी राहिली, मी कुणाकडेच बघत नव्हते. आणि आमच्यापैकी कुणीही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही, श्रीधरकाकांना विचारलं नाही.